मंडळीला गाता यावे म्हणून: आराधना-संगीतकार होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

ख्रिस्ती आराधना-संगीत हेच ज्याला आपले काम करायचे आहे, त्याने एक फरक आधी समजून घ्यावा. मैफिलीला लोक गायकाला ऐकायला येतात. आराधनेत मात्र समोर उभी असलेली मंडळीच, म्हणजे चर्चमध्ये उपासनेला जमलेला समुदायच, मुख्य गायक असते आणि व्यासपीठावरचा माणूस तिची साथ करत असतो. पट्टी (गाण्याचा मूळ सूर) कोणती घ्यायची, ड्रम कधी थांबवायचे, मानधन कशाचे घ्यायचे, हे सारे या फरकावरून ठरते. जुन्या करारात १ इतिहासाच्या २५ व्या अध्यायात गायनात निपुण असलेल्या २८८ जणांची नोंद आहे. तेव्हा मनात भक्ती आहे म्हणून रियाज नको, ही सबब बरीच जुनी असली तरी शास्त्राधार तिला नाही.

सर्वांत अधिक चुका पट्टीत होतात. या क्षेत्रातील बरीच ध्वनिमुद्रणे चढ्या आवाजाच्या पुरुष गायकांची आहेत आणि होतकरू संगीतकार ती आहेत त्याच पट्टीत उचलतात. साधारण मंडळीतील स्त्रियांचा सोयीचा पल्ला हार्मोनियमवरील मधल्या सप्तकाच्या खालच्या पांढरी सहापासून वरच्या सप्तकातील पांढरी दोनपर्यंत, म्हणजे ‘ए’ ते ‘डी’ असा धरावा. पुरुष तेच एक सप्तक खाली गातात. नवीन गीत हाती आले की शब्दांकडे वळण्यापूर्वी त्यातील सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर कागदावर लिहावा. समजा गीत ‘जी’ पट्टीत आहे आणि त्याचा कळस वरच्या काळी तीनला, म्हणजे ‘एफ शार्प’ला पोहोचतो, तर तो ‘डी’वर आणण्यासाठी संपूर्ण गीत चार अर्धस्वर उतरवावे लागेल आणि पट्टी काळी दोन, म्हणजे ‘ई फ्लॅट’ होईल. गिटारवादकाने कुरकुर केली, तर पहिल्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून ‘डी’च्या आकृत्या धराव्यात, तीच पट्टी मिळते. उतरवल्यावर खालचा स्वर ‘ए’च्या फार खाली जात नाही ना, हे मात्र पुन्हा तपासावे. वादकांना कॉर्ड अक्षरांऐवजी अंकांनी, म्हणजे पट्टीतील कितव्या स्वरावरची कॉर्ड ते दाखवून, लिहून द्याव्यात, म्हणजे ऐनवेळी पट्टी बदलली तरी कागद बदलावा लागत नाही.

काही गीते कडव्यात खालच्या सप्तकात गुणगुणल्यासारखी सुरू होतात आणि शेवटाकडे तीच चाल एक सप्तक वर उडी घेते. ध्वनिमुद्रणात ही उडी रोमांचक वाटते, पण मंडळीत तिथेच निम्मे लोक गप्प होतात. अशा वेळी उडी गाळावी आणि चढता भाव आवाजाच्या उंचीऐवजी साथीच्या भरणीतून आणावा. किंवा याच्या उलट, सर्व वाद्ये थांबवून एक ध्रुवपद केवळ कंठाने गाऊ द्यावे. हा दुसरा उपाय सरावाच्या वेळी नियमाने करून पाहावा. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधील वॉटफर्डच्या एका मंडळीत पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) वादकसंच आणि ध्वनियंत्रणा काही काळासाठी बाजूलाच ठेवली होती. तेथे आराधना चालवणारे मॅट रेडमन यांचे एक अतिशय गाजलेले गीत त्याच अनुभवातून लिहिले गेले. इतके टोकाला जाण्याची गरज नसते, पण वाद्ये थांबताच गाणे कोसळत असेल, तर मंडळी ते अजून शिकलेली नाही.

गीतांच्या निवडीबाबत माझे मत काहीसे कडक आहे: महिन्याला एकाहून अधिक नवे गीत आणू नये आणि आणलेले गीत सलग तीन रविवार गावे. वादकांना त्याचा कंटाळा येतो. येऊ द्यावा, त्यांनी ते सरावात वीस वेळा वाजवलेले असते आणि मंडळीने एकदाच ऐकलेले असते.

स्वतः गीत लिहिताना शब्द आधी चालीशिवाय मोठ्याने वाचावेत आणि मग पाळकांना दाखवावेत. गात-गात लोक जे पाठ करतात तेच पुढे त्यांच्या प्रार्थनेत येते. त्यामुळे एखादी सैल ओळ उपदेशातील चुकीपेक्षा जास्त काळ टिकते. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी मोठा वाटा विलापाचा आहे, आजच्या आराधना-गीतांत मात्र विजय आणि आनंदच दाटलेला दिसतो. शोकात असलेल्या माणसाला गाता येईल असे गीत लिहिणाऱ्याला अजून बरीच जागा मोकळी आहे.

पोटापाण्याचा प्रश्न टाळू नये. बहुतेकांची सुरुवात विनावेतन सेवेने होते, काहींना पुढे मंडळीकडून अर्धवेळ किंवा पूर्णवेळ पगार मिळतो, आणि फारच थोडे जण ध्वनिमुद्रण व दौऱ्यांवर जगतात. गीतातून उत्पन्न हवे असेल, तर रचनेचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क हे दोन वेगळे आहेत, हे पक्के ध्यानात ठेवावे. अमेरिकेच्या कायद्यात उपासनास्थळी उपासनेच्या वेळी धार्मिक गीत गाण्यास सूट आहे, पण शब्दांच्या प्रती काढणे किंवा आराधना इंटरनेटवर प्रक्षेपित करणे तिच्यात येत नाही. त्यासाठी १९८८ साली सुरू झालेल्या ‘सीसीएलआय’सारख्या संस्था मंडळ्यांना परवाने देतात आणि कोणती गीते वापरली याच्या नोंदींनुसार हक्कधारकांना पैसे वाटतात, म्हणून आपले गीत तेथे नोंदवावे आणि आपल्या मंडळीलाही प्रामाणिक नोंद ठेवायला सांगावे. दोघा-तिघांनी मिळून गीत रचले असेल, तर कोणाचा वाटा किती हे त्याच दिवशी लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. ‘आपण सगळे प्रभूचेच’ असे म्हणून हा कागद टाळला जातो आणि गीत गाजले की नेमका तोच कागद हवा असतो. दुसऱ्या टोकाचे उदाहरणही आहे: अमेरिकन ख्रिस्ती गायक कीथ ग्रीन यांनी १९७९ साली ध्वनिमुद्रण कंपनीचा करार सोडवून घेतला आणि कार्यक्रम व अल्बम यांचे ठरावीक मूल्य घेणेच बंद केले. हा मार्ग सर्वांना झेपणारा नाही, पण मानधनाचा आकडा सांगण्यापूर्वी त्याचा विचार करून पाहावा.

शेवटचे काम पहिल्या वर्षापासूनच सुरू करावे: आपल्या जागी उभा राहू शकेल असा आणखी एक जण तयार करणे. महिन्यातून एका रविवारी माइक त्याच्या हाती द्यावा आणि आपण शेवटच्या रांगेत जाऊन गावे. मॉनिटरमधून स्वतःचाच आवाज ऐकण्याची सवय झालेल्या कानाला तेथे बरेच काही कळते: बास किती घुमतो, कोणत्या ओळीला म्हातारी माणसे श्वास घ्यायला थांबतात, आणि पडद्यावरचे शब्द कोणत्या कडव्याला उशिरा येतात.