कमी खर्चातला नाताळपट कसा जोखावा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्या सांगलीच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक म्हणजे कुणाच्या तरी रानात हुरडा. दुसरी म्हणजे सुट्टीला आलेली भाचरं टीव्हीचा ताबा घेतात आणि रोज रात्री जेवणं उरकली की नाताळचा एक इंग्रजी सिनेमा लागतो. नाव कधी न ऐकलेला, नटनट्या अनोळखी. बर्फातलं छोटं गाव, तोट्यात चाललेली बेकरी, लाल स्वेटर, एक कुत्रा, आणि शेवटी सगळे झाडाभोवती गोळा.

मी वीसेक वर्षं हौशी नाटकांचं नेपथ्य केलंय. त्यामुळं पहिली दोन वर्षं माझा एकच उद्योग होता, चुका काढून हसायचं. तो बर्फ बघा, ती भिंत हलली बघा. शेवटी सातवीतली भाची वैतागून म्हणाली, “मामा, तुमच्या नाटकातला राजवाडा तरी कुठं खरा होता?”

बोलणंच खुंटलं. एकांकिका स्पर्धेत आमचा राजवाडा प्लायवूडचा आहे म्हणून कुठल्या परीक्षकानं कधी गुण कापले नव्हते. मग या सिनेमांना वेगळा न्याय का? तेव्हापासून आम्ही घरात रीतसर गुण देतो. पद्धत आता बऱ्यापैकी मुरली आहे, म्हणून लिहून काढतोय.

पहिली पायरी: सिनेमा कुठल्या वजनाचा आहे ते आधी बघा

‘होम अलोन’ 1990 साली साधारण 1 कोटी 80 लाख डॉलरमध्ये झाला. आपण ज्याबद्दल बोलतोय ते सिनेमे याच्या कितीतरी खालच्या गटातले. अमेरिकेतल्या टीव्हीसाठी हे डझनांनी निघतात. शूटिंग दोन-तीन आठवड्यांत आटोपतं, ते पुष्कळदा कॅनडात होतं, आणि डिसेंबरात दाखवायचं म्हणून ऐन उन्हाळ्यात होतं. हे एकदा डोक्यात ठेवलं की निम्मी चिडचिड कमी होते.

आणखी एक गोष्ट आपल्याला इथं बसून कळत नाही. हे सिनेमे जाहिरातींसकट दोन तासांच्या वेळेत बसवायचे असतात, म्हणून मूळ लांबी दीड तासाच्या आत असते आणि गोष्टीचे आठ-नऊ तुकडे पाडलेले असतात. जाहिरातीत प्रेक्षकानं चॅनेल बदलू नये म्हणून प्रत्येक तुकड्याच्या शेवटी काहीतरी खुट्ट होतं. फोन वाजतो, जुना मित्र दारात उभा राहतो, पत्र सापडतं. आपण जाहिरातींशिवाय बघतो, त्यामुळं गोष्ट दर दहा मिनिटांनी ठेचकाळल्यासारखी वाटते. त्याचे गुण कापू नका.

हिंदीत डब केलेला असेल तर मधली दहा मिनिटं मूळ भाषेत लावून बघा. नट वाईट की डबिंग वाईट, हे त्याशिवाय ठरवता येत नाही. सगळ्या बायका एकाच आवाजात बोलत असतील तर बिचाऱ्या नटीचा दोष नाही.

दुसरी पायरी: बर्फाला पाच मिनिटं द्या, जास्त नाही

खोटा बर्फ ही काही गरीब सिनेमांची मक्तेदारी नाही. पूर्वी हॉलिवूडात कॉर्नफ्लेक्सना पांढरा रंग देऊन ते पसरत. पाय पडला की ते असे कुरकुरायचे की संवाद नंतर पुन्हा रेकॉर्ड करावे लागत. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा 1946 चा सिनेमा उन्हाळ्यात चित्रित झाला. त्या वेळी आग विझवायच्या फेसात साबण आणि पाणी मिसळून नवा बर्फ बनवला गेला, आणि तो आवाज करत नव्हता हीच त्याची मोठी थोरवी. आता कागदाचा लगदा, फेस, कापसाच्या गाद्या असं सगळं चालतं.

आमच्या एका एकांकिकेत काश्मीर होतं. थर्माकोल किसणीवर किसून दोन पोती भुगा केला. दोन पोरं वर चढून सुपातून तो पाखडत बसली, विंगेत टेबलफॅन. पहिल्या मिनिटाला बर्फ असा झकास पडला की टाळी आली. दुसऱ्या मिनिटाला तो नायकाच्या घामेजल्या मेकपला चिकटला. तिसऱ्या मिनिटाला ऐन भरात तोंडात गेला आणि “आई, मी परत आलो” हे वाक्य “आई, मी... थू” असं संपलं.

आम्हाला वाटलं, नेपथ्याचे गुण गेले. प्रयोगानंतर परीक्षक भेटले. बर्फाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. म्हणाले, “बाहेर एवढा बर्फ पडतोय आणि तुमची आई सुती साडीत, दार सताड उघडं टाकून मुलाशी पाच मिनिटं बोलते. आधी दार लावून घेईल की नाही? थंडी वाजायला पैसे लागत नाहीत.”

ते शेवटचं वाक्य मी या सगळ्या सिनेमांना लावतो. जे पैशानं येतं त्याचे गुण थोडे ठेवायचे, जे फुकट येतं त्याचे कडक मोजायचे. बर्फ पैशाचा, म्हणून त्याला शंभरातले पाच. पण दारात उभं राहून गप्पा मारणारी मंडळी दार लोटून घेतात का? बाहेरून आलेला माणूस पाय आपटतो का, हात चोळतो का? की मफलर गुंडाळून, कपाळावर घामाचे थेंब घेऊन, लग्नाच्या हॉलमध्ये उभा असल्यासारखा गप्पा मारतो? आपल्याकडं एखाद्या कडक पहाटे आयर्विन पुलावर फिरायला गेलं तरी तोंडातून वाफ निघते. तिथं गुडघाभर बर्फ आहे आणि वाफेचा पत्ता नाही, हे मात्र सोडून द्या. जुलैत वाफ कुठून आणणार?

एका सिनेमात बर्फ फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर पडत होता, अख्ख्या दीड तासात दुसरीकडं कुठंही नाही. खिडकीच्या वर कुणीतरी मूठ-मूठ भुगा सोडत असणार, मला तर ते सूपसुद्धा दिसलं. पण घरातला प्रत्येक माणूस खिडकीजवळून जाताना खांदे आवळून घ्यायचा. आजोबा पात्र तर खिडकीच्या फटीत फडकं कोंबत होतं. त्या फडक्याला मी पाचपैकी पाच दिले.

तिसरी पायरी: कप बघा

हे एकदा कळलं की पिच्छा सोडत नाही, आधीच सांगतो. अशा सिनेमात दर दहा मिनिटांनी कुणीतरी कागदी कपातून कॉफी किंवा गरम चॉकलेट पितं. कप रिकामा असतो. ओळखायचं कसं? मनगट बघा. भरलेला कप माणूस सांभाळून धरतो, वळताना हात आधी थांबतो, मग अंग वळतं. रिकामा कप हातवाऱ्यांबरोबर हवेत फिरतो. आणि गरम पेय पहिल्या घोटाला कुणी गटकन पीत नाही. आपण टपरीवरचा कटिंगसुद्धा आधी फुंकरतो.

आमच्या दिग्दर्शकांचा नियम होता, पेल्यात निदान पाणी घाला. पाण्याला काय पैसे पडतात? भाचरं आता कप दिसला की “रिकामा!” असं ओरडतात. चुकून भरलेला निघाला तर एक गुण जास्त.

चौथी पायरी: माणूस बदलला, त्याची किंमत कुणी मोजली?

इथं मात्र थांबायचं, कारण निम्मे गुण इथंच आहेत.

5 नोव्हेंबर 1843 रोजी आमच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्यानंतर सहा आठवड्यांनी, 19 डिसेंबर 1843 ला, लंडनमध्ये चार्ल्स डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरल’ छापून आलं. दोहोंचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण सांगलीकर म्हणून मला ही तारीख सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक कंजूष म्हातारा, नाताळची एक रात्र, तीन भुतं, आणि सकाळी उठतो तो बदललेला माणूस. आजचे बहुतेक नाताळपट याच मुशीतले. म्हाताऱ्याच्या जागी शहरातली करिअरवाली बाई आली आणि भुतांच्या जागी बेकरीवाला, एवढाच फरक.

पण डिकन्सचा म्हातारा नुसता रडून थांबत नाही. सकाळी उठून कारकुनाच्या घरी मोठी टर्की पाठवतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा पगार वाढवतो. खिशात हात घालतो! स्वस्तातल्या सिनेमात बाई एक बिस्कीट खाते, झाडाला एक चांदणी लावते, आणि तिचं मन पालटतं. म्हणून सिनेमा संपला की मी मुलांना तीन प्रश्न विचारतो. तो माणूस आधी कसा होता ते आपण पाहिलं का, की कुणीतरी नुसतं सांगितलं? बदलायला त्याला कशानं भाग पाडलं? आणि बदलल्यावर त्यानं स्वतःचं काय सोडलं? तिसऱ्याचं उत्तर “काहीच नाही” आलं, तर पन्नासपैकी वीसच्या वर जायचं नाही.

गावातली दुष्ट बिल्डर कंपनी शेवटच्या पाच मिनिटांत हसत हसत जमीन परत देते, तिथं तर माझी आईसुद्धा म्हणते, “असं असतं तर आपली कोर्टं ओस पडली असती.”

पाचवी पायरी: मुलं आणि कुत्रा

लहान मूल मोठ्यांसारखे टाळीचे संवाद म्हणायला लागलं की लेखकाचे गुण कापा, मुलाचे नाही. 1965 साली ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ नावाचा अर्ध्या तासाचा कार्टूनपट निघाला. त्यात मुलांचे आवाज खऱ्या मुलांनीच दिले होते. काहींना अजून वाचताही येत नव्हतं, त्यांना वाक्यं तुकड्यातुकड्यांनी सांगून म्हणून घेतली. ते अडखळणं ऐकू येतं. वर हसण्याचे रेकॉर्ड केलेले आवाजही घातलेले नाहीत. चॅनेलच्या साहेबांना तो आपटणार असं वाटलं होतं. लोक तो अजून बघतात.

कुत्र्याची नजर कुठं आहे ते बघा. पोरगी त्याच्या गळ्यात पडून रडत असते आणि तो कॅमेऱ्याच्या उजवीकडं टक लावून बघत असतो, कारण तिथं त्याचा मास्तर हातात खाऊ घेऊन उभा असतो. आमच्या घरी कुत्र्याला मात्र कायम पूर्ण गुण. यावर चर्चा होत नाही.

सहावी पायरी: डोळे मिटून दोन मिनिटं ऐका

गरिबी डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळते. पाठमोरं पात्र बोलायला लागलं की कान टवकारा. “बाबा गेल्यापासून तिनं नाताळ साजरा केलेला नाही” असलं महत्त्वाचं वाक्य ओठ न दिसता आलं, तर बहुधा गोष्टीत भोक राहिलं होतं आणि ते नंतर स्टुडिओत बुजवलंय. मागं संगीत एक क्षणही थांबत नसेल, तर त्याखाली रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज झाकलेले असू शकतात.

गाणी जुनीच का असतात, याचंही उत्तर पैशातच आहे. ‘सायलेंट नाइट’ पहिल्यांदा 1818 च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये गायलं गेलं. ‘जिंगल बेल्स’ 1857 चं, आणि त्याच्या शब्दांत नाताळचा उल्लेखही नाही. दोन्हींच्या स्वामित्वहक्काची मुदत कधीच संपलीय, त्यामुळं नव्यानं गाऊन घेतली की हक्काचे पैसे मोजावे लागत नाहीत. एखाद्या सिनेमात गाणं संपल्यावर क्षणभर शांतता ठेवलेली आढळली, तर खुशाल गुण वाढवा. शांततेलाही पैसे पडत नाहीत.

सातवी पायरी: घरातल्या प्रत्येकाला विचारा

कौटुंबिक सिनेमा आहे, तर परीक्षकही कुटुंबच हवं. घरात सहा-सात वर्षांचं पोर असेल तर सिनेमा आधी स्वतः बघून घ्या, कारण काही सिनेमे सांताचं गुपित भलत्याच वेळी फोडतात. आमच्याकडं धाकट्या भाच्यानं मधेच वळून विचारलं होतं, “म्हणजे गेल्या वर्षीची सायकल मामानं आणली?” मी पाणी प्यायला उठलो.

मिरजेच्या एक ख्रिस्ती काकू दरवर्षी करंज्या आणि चिवडा घेऊन येतात आणि एक सिनेमा आमच्याबरोबर बघतात. चर्चचे प्रसंग त्यांच्या ताब्यात. चर्चमध्ये कुणी प्रार्थना करतंच नाही, नुसतं नायक-नायिकेला भेटायला ते बांधलंय, ही त्यांची नेहमीची तक्रार. “आणि एवढ्या मोठ्या गावात उपासनेला अकराच माणसं? आमच्याकडं त्या रात्री उभं राहायला जागा नसते!” अकरा माणसं का, ते मला माहीत आहे. बाराव्याचा रोज परवडत नसतो. पण गर्दी नुसत्या आवाजानं दाखवता आली असती, हेही खरंच, म्हणून काकूंनी कापलेले गुण मी परत देत नाही.

आठवी पायरी: गुण दुसऱ्या दिवशी द्या

रात्री शेवटच्या मिठीनंतर सगळे उदार झालेले असतात. म्हणून कागद सकाळच्या चहाला निघतो. गोष्टीला 50, माणसांच्या वागण्याला 25, मुलांना आणि कुत्र्याला 10, आवाजाला 10, बर्फाला 5. कप, शांतता आणि चर्च यांचे एक-दोन गुण कमी-जास्त. दोघांच्या बेरजेत पंधराहून जास्त फरक पडला तर दोघांनी आपापली बाजू मांडायची, पण दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा नाही.

आई गुण देत नाही, तिला आकड्यांचा कंटाळा आहे. पण सकाळी चहा गाळताना तिनं आपणहून विचारलं, “त्या बेकरीवाल्या पोरीचं पुढं काय झालं असेल रे?” तर त्या सिनेमाला सरसकट दहा गुण जास्त मिळतात. गेल्या डिसेंबरात सात सिनेमे झाले आणि असं दोनदाच घडलं. त्यातला एक प्रश्न कुत्र्याबद्दल होता.