कोकणच्या दमट हवेत केमिकल पीलनंतर चेहरा कसा सांभाळावा

वांग किंवा मुरमांचे डाग कमी करण्यासाठी ग्लायकोलिक ॲसिडचं हलकं पील करतात. पील फक्त वरचा थर सैल करतं, नवी त्वचा शरीर स्वतः घडवतं. त्याला वेळ द्यायचा आणि मध्ये हात घालायचा नाही.

तारीख ठरवताना एप्रिल-मे टाळा. गणपतीला गावी जायचं असेल तर पील निदान पंधरा दिवस आधी उरका, कारण कोवळ्या त्वचेवर गुलाल झोंबतो.

आठवडाभर आधी ट्रेटिनॉइन, अडापालीन (मुरमांवर लावायची मलमं), स्क्रब, ब्लीच, वॅक्सिंग आणि थ्रेडिंग बंद ठेवा. ओठांवर वारंवार ‘जर’ (हर्पीस विषाणूचे दुखरे, पाणीदार फोड) उठत असेल, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा गरोदर असाल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. ‘जर’ उठणाऱ्यांना विषाणूविरोधी गोळ्या पीलआधीच सुरू कराव्या लागू शकतात.

पहिले दोन दिवस चेहरा ताणल्यासारखा वाटतो, थोडा लाल होतो. दिवसातून दोनदा सौम्य, बिनवासाच्या फेसवॉशने धुवा आणि सुती पंचाने नुसता टिपा. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर पिण्याचं पाणी वापरा. उकळून जंतू मरतात, खारेपणा जात नाही. चेहरा ओलसर असतानाच ग्लिसरीन किंवा सिरॅमाइड असलेलं मॉइश्चरायझर लावा.

तिसऱ्या दिवसापासून पापुद्रे सुटू लागतात, बहुधा तोंडाभोवती आधी. सगळं बिघडतं ते इथेच. पापुद्रा ओढला की खालची अपुरी तयार त्वचा उघडी पडते, दाह होतो आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर तिथे काळा डाग पडतो. तो जायला महिने लागतात, म्हणजे ज्यासाठी पील केलं तेच परत. सुटलेली टोकं रात्री व्हॅसलीनचा अगदी पातळ हात देऊन मऊ करा, ती आपोआप गळतील. मात्र दमट हवेत दिवसभर जाड थर ठेवला तर घाम कोंडतो आणि पुटकुळ्या येतात. दिवसा हलकं लोशनच बरं. मुठेल (कोकमाच्या बियांचं तेल) टाचांच्या भेगांना उत्तम, खोबरेल केसांना. या दिवसांत दोन्ही चेहऱ्यापासून लांब ठेवा. लिंबू-हळदीचा लेप तर नकोच.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त. तर्जनी आणि मधलं बोट भरून काढलेल्या दोन रेघांएवढी मात्रा चेहऱ्या-मानेला लागते. बहुतेकजण याच्या निम्मीही लावत नाहीत. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. घाम आधी टिपून घ्या, चोळू नका. आभाळ भरून आलं तरी सुट्टी नाही, यूव्हीए किरण ढगांतून येतात. वाळू आणि पाणी ऊन परावर्तित करतात, त्यामुळे किनाऱ्यावर नुसती छत्री पुरत नाही. वांग असेल तर आयर्न ऑक्साइडचं रंगीत सनस्क्रीन घ्या, ते दृश्य प्रकाशही अडवतं. समुद्रात डुंबणं आणि चुलीसमोर बसणं पापुद्रे पूर्ण जाईपर्यंत बंद.

आहारात जादू नाही. मासे, अंडी, कुळथाची पिठी यांतून प्रथिनं मिळाली, झोप पुरली की झालं. तंबाखू ओढणाऱ्यांची जखम मात्र हळू भरते, कारण त्वचेचा रक्तपुरवठा घटतो.

लगेच डॉक्टरांकडे जा: दोन दिवसांनंतर लाली वाढत असेल, पू किंवा पिवळी खपली दिसली, दुखऱ्या फोडांचा पुंजका उठला किंवा तपकिरी सावली धरू लागली तर. औषधाच्या दुकानातून गोरेपणाची स्टिरॉइडयुक्त ट्यूब आणून लावू नका. त्वचा पातळ होते, आणि ट्यूब थांबवली की मुरमं-लाली उसळते.

पापुद्रे आणि जळजळ पूर्ण थांबल्यावरच ट्रेटिनॉइन पुन्हा सुरू करा. पुढचं पील सहसा दोन ते चार आठवड्यांनी, डॉक्टरांनी चेहरा पाहिल्यावर.