किनाऱ्यावरून आणि फेरीतून ओर्का कसे पाहावेत

सॅन वान बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, लाइम किल्न पॉइंटच्या खडकांवर बसलेल्या माणसाला ओर्का, म्हणजे काळे-पांढरे ‘किलर व्हेल’, बहुतेक वेळा आधी ऐकू येतात आणि मग दिसतात. वारा पडलेला असेल तर ‘फूऽऽस’ असा दमदार उच्छ्वास पाण्यावरून येतो. गप्पा मारणारे लोक एकदम गप्प होतात. मग पाण्यातून एक काळी फिन वर येते आणि येतच राहते. पाठीवरचा हा पर मोठ्या नराचा असेल तर १.८ मीटरपर्यंत उंच असतो, म्हणजे उंचापुरा माणूस पाण्यातून सरळ उभा राहावा तसा. केल्पच्या, म्हणजे उंच समुद्री शेवाळाच्या, पट्ट्यापलीकडून, कधी कधी अगदी हाकेच्या अंतरावरून, अख्खं कुटुंब निघून जातं.

हे पाहायला बोटीचं तिकीट काढावं लागत नाही. अमेरिकेचं वॉशिंग्टन राज्य आणि कॅनडाचं ब्रिटिश कोलंबिया यांच्यामधल्या सेलिश समुद्रात किनारा आणि प्रवासी फेरीबोट या दोन जागा ओर्का पाहायला पुरेशा आहेत. माझ्या मते त्याच सर्वांत चांगल्या आहेत. ओर्का डोळ्यांपेक्षा कानांवर जगतो. तो पाण्यात टिकटिक आवाज सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून मासा कुठे आहे ते ओळखतो. जवळ इंजिन घरघरत असेल तर तो प्रतिध्वनी त्यात बुडून जातो. खडकावर बसलेल्या माणसामुळे त्याच्या शिकारीत काहीच अडथळा येत नाही. फेरी तर तुम्ही चढलात किंवा नाही चढलात तरी जाणारच असते.

आधी हे समजून घ्या: इथे दोन प्रकारचे ओर्का आहेत

ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग चुकीच्या महिन्यात चुकीच्या जागी जाऊन बसतात.

पहिले ‘सदर्न रेसिडेंट’. जे, के आणि एल असे त्यांचे तीन कळप. ते फक्त मासे खातात आणि त्यातही चिनूक सॅमन हा मासा त्यांना सर्वांत प्रिय. आज हे तिन्ही कळप मिळून जेमतेम सत्तर-पंचाहत्तर जीव उरले आहेत. अमेरिकेने २००५ मध्ये त्यांना संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घातलं. दुसरे ‘बिग्ज’ ओर्का, ज्यांना पूर्वी ट्रान्झिएंट म्हणत. हे सील, समुद्रसिंह आणि पॉरपॉइज (डॉल्फिनसारखा छोटा प्राणी) यांची शिकार करतात. मायकेल बिग या कॅनेडियन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात फोटोंवरून एकेक ओर्का ओळखण्याची पद्धत घालून दिली, त्याचं नाव यांना दिलं आहे. दोन्ही प्रकार एकाच पाण्यात फिरतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. भाषा वेगळी, खाणं वेगळं, स्वभावही वेगळा.

पाहणाऱ्याच्या दृष्टीने फरक असा. बिग्ज बारा महिने कधीही दिसू शकतात आणि आता बहुतेक दिवशी दिसतात ते हेच. तीन ते सहा जणांचा लहान गट असतो. सील सावध होऊ नयेत म्हणून ते गुपचूप किनाऱ्याला घासून जातात आणि मोठी डुबकी मारून सात-आठ मिनिटं गायब होतात. रेसिडेंट पूर्वी उन्हाळाभर सॅन वानच्या पश्चिमेला असायचे. फ्रेझर नदीकडे जाणारे चिनूक कमी झाले तसे त्यांचे उन्हाळ्यातले दिवसही कमी झाले. शरद ऋतूत मात्र ते चम जातीच्या सॅमनच्या मागे दक्षिणेला प्युजेट साउंड या खाडीत, थेट सिॲटलसमोर येतात. म्हणून माझा सल्ला असा: मे ते सप्टेंबर सॅन वान बेट, ऑक्टोबर ते डिसेंबर सिॲटलच्या आसपासचे किनारे आणि फेऱ्या.

जागा निवडा आणि तिथे टिकून बसा

एकच जागा सांगा म्हटलं तर लाइम किल्न पॉइंट स्टेट पार्क. समोर हारो सामुद्रधुनी आहे आणि पाणी किनाऱ्यालगतच एकदम खोल होतं, म्हणून ओर्का इतके जवळ येतात. तिथलं दीपगृह १९१९ चं आहे. ॲनाकॉर्टिसहून फेरीने फ्रायडे हार्बरला उतरायचं आणि तिथून बेट ओलांडून सुमारे १५ किलोमीटर जायचं. गाडी नेणार असाल तर राज्य उद्यानांचा ‘डिस्कव्हर पास’ लागतो. हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी ऊन पाठीशी असतं आणि पाणी स्पष्ट दिसतं. दुपार कलली की तेच पाणी चांदीच्या पत्र्यासारखं डोळ्यांवर येतं आणि त्यात फिन शोधणं कठीण होतं. पोलराइज्ड गॉगल असेल तर थोडी मदत होते. ढगाळ, बिनवाऱ्याचा दिवस मिळाला तर तो सोडू नका.

शरद ऋतूसाठी सिॲटलचा अल्काय किनारा, व्हॅशनला जोडलेल्या मोरी बेटावरचं पॉइंट रॉबिन्सनचं दीपगृह आणि हॅन्सव्हिलजवळचं पॉइंट नो पॉइंट चांगलं. कॅनडाच्या बाजूला सॅटर्ना बेटाचं ईस्ट पॉइंट. व्हिडबी बेटावरच्या लँगली गावात किनाऱ्यावर एक घंटा टांगलेली आहे. देवमासा दिसला की ज्याला दिसला त्याने ती वाजवायची. वसंत ऋतूत ती बहुतेक वेळा करड्या देवमाशांसाठी वाजते, हे लक्षात ठेवून जा.

सोबत दुर्बीण, गरम जॅकेट, पाणी, खायला काहीतरी आणि बसायला जाड कापडाची घडी. खडक थंड असतो आणि दोन-तीन तास बसायची तयारी हवीच. ओल्या काळ्या खडकांवर पुढे पुढे सरकू नका. मोठं जहाज गेल्यावर दहा मिनिटांनी त्याची लाट किनाऱ्याला येऊन धडकते, तोवर जहाज विसरलेलं असतं.

निघण्यापूर्वी खबर काढा

ओर्का नेटवर्क ही व्हिडबी बेटावरची संस्था लोकांनी कळवलेल्या नोंदी रोज गोळा करून सगळ्यांसमोर ठेवते. सकाळी ती पाहा. नोंदीत वेळ, जागा आणि दिशा असते. बाकीचं गणित साधं आहे. सरळ प्रवास करणारा कळप ताशी साधारण सहा किलोमीटर जातो. तुमच्या जागेपासून बारा किलोमीटरवर ‘उत्तरेकडे जात आहेत’ अशी नोंद असेल आणि तुम्ही उत्तरेला असाल, तर दोन तास हातात आहेत. फक्त ते वाटेत शिकारीला थांबले किंवा उलटे फिरले तर सगळं गणित मोडतं, आणि असं वरचेवर होतं. म्हणून कळपामागे गाडी घेऊन धावू नका. त्यांच्या पुढच्या एका चांगल्या जागी जाऊन बसा.

दुसरी सोय ऑर्कासाउंडची. समुद्रतळाशी ठेवलेले हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, ते थेट ऐकवतात आणि त्याला पैसे पडत नाहीत. रेसिडेंट बोलके असतात. लांबलचक शिट्ट्या, दार करकरावं तसे आवाज, मध्येच मांजराच्या पिलासारखं म्याव. एकदा खडकावर बसून हेडफोन लावले होते, तेव्हा समोरच्या रिकाम्या पाण्यात हे सगळं कुटुंब बोलत होतं. पहिली फिन दिसली ती त्यानंतर वीस मिनिटांनी.

फेरीवर कुठे उभं राहायचं

वॉशिंग्टन स्टेट फेरीज ही राज्याची सार्वजनिक सेवा आहे. गाडी न घेता चालत चढणाऱ्याला आरक्षण लागत नाही आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना भाडं नाही. सॅन वान बेटांच्या मार्गावर भाडं पश्चिमेकडे जातानाच घेतात. त्यामुळे ॲनाकॉर्टिसला एकदा तिकीट काढलं की परतीचं काढावं लागत नाही. सिॲटल–बेनब्रिज हा ३५ मिनिटांचा मार्ग शरद ऋतूत फार चांगला. एडमंड्स–किंग्स्टन आणि फॉन्टलरॉय–व्हॅशन हेही. कॅनडात ट्सावासन–स्वार्ट्झ बे ही दीड तासाची फेरी ॲक्टिव्ह पास या अरुंद खाडीतून वळणं घेत जाते. तो भाग आला की आत बसू नका.

चढल्याबरोबर सर्वांत वरच्या उघड्या डेकवर जा. पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंचं पाणी दिसतं, पण वारा फार असतो. मी कठड्याच्या आडोशाला, पुढच्या कोपऱ्यात उभं राहणं पसंत करते. दुर्बीण इथे ८ पटीची बरी. १० पटीची असेल तर इंजिनाच्या थरथरीने चित्र नाचतं. दुर्बीण कठड्यावर टेकवू नका, कोपर अंगाशी धरा. कॅप्टनला ओर्का दिसले तर तो अनेकदा स्पीकरवर सांगतो. ‘उजवीकडे, दोनच्या दिशेला’ असं तो म्हणाला तर घड्याळाची कल्पना करा. फेरीचं पुढचं टोक म्हणजे बारा, उजवी बाजू म्हणजे तीन. फेरी कधी वेग कमी करते, कधी थांबतेही, आणि वेळापत्रक कोलमडतं. डेकवरचं कुणी कुरकुर करताना मी अजून ऐकलेलं नाही.

पोर्ट टाउनसेंड–कूपव्हिल फेरीने गेलात तर कूपव्हिल गावाला लागून पेन कोव्ह आहे. १९७० च्या ऑगस्टमध्ये याच खाडीत जाळी लावून सदर्न रेसिडेंटची पिल्लं आईपासून वेगळी केली आणि मत्स्यालयांना विकली. त्यातली एक मादी, टोकिटे, मायामीच्या टाकीत २०२३ पर्यंत जगली. परत समुद्र तिला दिसला नाही. आज तिच्या नातलगांची संख्या इतकी कमी का, याचं एक कारण त्या खाडीत आहे. तिथे गेलात तर थोडा वेळ थांबा.

पाणी कसं पाहायचं

दुर्बीण आधी डोळ्यांना लावू नका. नुसत्या डोळ्यांनी संपूर्ण पाणी डावीकडून उजवीकडे सावकाश पाहा. आधी दूरचा पट्टा, मग मधला, मग जवळचा. काही हललं तर तिथे दुर्बीण. फिनपेक्षा श्वासाचा फवारा आधी दिसतो. मागे गडद झाडीचा किनारा असेल तर तो पांढऱ्या झुडपासारखा उठतो आणि विरतो. पक्षी एका जागी घिरट्या घालत असतील, व्हेल पाहणाऱ्या बोटी एका रांगेत मंद झाल्या असतील, सील घाईघाईने खडकावर चढत असतील तर तिकडे लक्ष ठेवा.

फसवणारी दृश्यंही ओळखून ठेवा. डॉल्स पॉरपॉइज काळा-पांढरा आणि वेगवान असतो. तो पाण्याचा तुरा उडवत जातो आणि लोक ‘ओर्काचं पिल्लू!’ म्हणून ओरडतात. ओर्का असा सटासट पळत नाही, शांत लयीत वर येतो. हंपबॅक देवमाशाचा फवारा खूप उंच असतो आणि पाठ लांबलचक, त्यावर छोटासा उंचवटा. समुद्रसिंह कधी कधी वल्ह्यासारखे पाय पाण्याबाहेर धरून आडवा पडून राहतो. ती ‘फिन’ पुढे सरकत नाही, हे पाहिलं की शंका मिटते.

दिसले आणि डुबकी मारली, तर तिथेच पाहत बसू नका. ते ज्या दिशेला जात होते तिकडे नजर पुढे न्या. रेसिडेंट तीन-चार छोटे श्वास घेऊन मोठी डुबकी मारतात. तुम्ही मनात मोजायला लागलात की दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून त्यांची लय हाताला लागते. मग कॅमेराही योग्य वेळी वर जातो. तरी पहिल्यांदा पाहत असाल तर पहिली पाच मिनिटं कॅमेरा खालीच ठेवा.

फिनच्या मागे एक करडा डाग असतो, खोगिरासारखा. तो आणि फिनवरचे ओरखडे माणसाच्या बोटाच्या ठशांसारखे प्रत्येकाचे वेगळे. त्यावरूनच व्हेल-शास्त्रज्ञ केन बाल्कम यांनी १९७६ पासून सदर्न रेसिडेंटची कुटुंबनिहाय नोंद ठेवली आणि त्यांच्या मागे सेंटर फॉर व्हेल रिसर्च ती आजही ठेवते. मादीची फिन आखूड आणि मागे वळलेली असते. नवजात पिल्लाचे पांढरे भाग नारिंगीसर असतात आणि ते आईच्या कुशीला चिकटून, डोकं जरा जास्तच वर काढून श्वास घेतं. जे कळपातली जे-३५ ही मादी तिच्या डागावरून आणि फिनवरून अशीच ओळखता येते. तिला टाह्लेक्वा म्हणतात, व्हॅशनच्या दक्षिण टोकाच्या फेरी धक्क्याचंही हेच नाव आहे. २०१८ मध्ये ती मेलेल्या पिल्लाला १७ दिवस डोक्यावर तोलत पोहत राहिली. २०२५ च्या जानेवारीत पुन्हा तशीच दिसली. तिला एकदा ओळखलंत की पुढच्या वेळी तुम्ही ‘ओर्का दिसले का’ असं विचारत नाही, ‘ती आहे का’ असं विचारता.

नियम, आणि दिसल्यावर करायची एक गोष्ट

वॉशिंग्टनमध्ये २०२५ पासून सदर्न रेसिडेंटपासून बोटींना १,००० यार्ड, म्हणजे सुमारे ९०० मीटर दूर राहावं लागतं. कायाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, हीही त्यात आली. किनाऱ्यावर बसणाऱ्यांना ही मर्यादा नाही. ड्रोन उडवू नका, राज्य उद्यानांत त्याला परवानगी लागते. खडकावर एकटं सील पिल्लू दिसलं तर त्याच्याजवळ जाऊ नका. आई शिकारीला गेलेली असते.

वेळ, जागा, किती जण, त्यातले उंच फिनवाले नर किती आणि दिशा कोणती, एवढं लिहून ओर्का नेटवर्कला पाठवा, किंवा ‘व्हेल रिपोर्ट’ ॲपवर टाका. ॲपवरची नोंद मोठ्या जहाजांच्या आणि फेऱ्यांच्या कप्तानांपर्यंत इशारा म्हणून जाते आणि ते वेग कमी करू शकतात. प्रकार ओळखता आला नाही तर तसं लिहा, अंदाज ठोकू नका.

आणि कळप गेला म्हणून लगेच उठू नका. रेसिडेंट कित्येकदा काही किलोमीटरभर पसरून चाललेले असतात. पुढचे दीपगृहापलीकडे दिसेनासे झाले, लोकांनी घड्या आवरल्या, की अर्ध्या तासाने मागून एखादी आई आणि तिचं पिल्लू केल्पच्या कडेने सावकाश येतात. तोवर खडकावर दोन-तीन जणच उरलेले असतात.