द्राक्षाला जीए देताना या चुका टाळा

थॉम्पसन या बिनबियांच्या द्राक्षाच्या मण्यात बी अर्धवट राहून जिरतं. पेशींना फुगायचा निरोप देणारं जिबरेलिन एरवी बीच पुरवतं. इथे ते तोकडं पडतं, म्हणून बाहेरून जीए (जिबरेलिक ॲसिड) द्यावं लागतं. खत म्हणून नव्हे, निरोप म्हणून. आणि लोक मारतात मात्र युरियासारखं.

सगळ्यात महाग चूक म्हणजे फरक दिसेना म्हणून पुन्हा मारणं. दरवर्षीचा प्रकार आहे. पोपटी अवस्थेत, म्हणजे कोवळा घड पोपटी दिसतो तेव्हा, 10 पीपीएमची (दहा लाखात 10 भाग) फवारणी होते. तिसऱ्या दिवशी शेजारचा बांधावरून सांगतो, 'घड आखूडच दिसतायत.' की संध्याकाळी दुप्पट डोस! आठवड्याभरात घड लांबतो खरा, पण नागमोडी. देठ जाड आणि ठिसूळ, विरळणीला हात लावला की पाकळी (घडाची बाजूची फांदी) कडकन मोडते. पेशीत डेला नावाची प्रथिनं वाढीवर ब्रेक लावून बसलेली असतात. जीए आपल्या ग्राहीला (निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटलं की ती मोडीत निघतात. ब्रेक लगेच सुटतो, पण पेशी लांबायला दिवस लागतात. दुसरी फवारणी 15 पीपीएमची, चार-पाच दिवसांनी, तीही घड बघूनच.

हिशेब: 100 लिटरला शुद्ध जीए 1 ग्रॅम म्हणजे 10 पीपीएम. पुडीवर 40 टक्के असेल तर 2.5 ग्रॅम. भाजीच्या काट्यावर हे मोजू नका.

शुद्ध पावडर थेट ड्रममध्ये टाकली तर गुठळ्या तरंगतात. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवा. त्याही आधी पाण्याचा सामू (पीएच) बघा. बोअरचं पाणी बहुधा अल्कधर्मी निघतं आणि त्यात जीएचा रेणूच बदलतो. मग ग्राही त्याला ओळखत नाही. सायट्रिक ॲसिडने सामू 5.5 ते 6 वर आणा, पीएच पट्टीने तपासा, मगच जीए. द्रावण रात्री करून ठेवायची हौस नको.

मणी 3-4 मिमीचा झाला की डिपिंग, म्हणजे घड जीएच्या द्रावणात बुडवणं. इथे फवारणीवर भागवणारे आळशी. जीए लागलं तिथून फारसं हलत नाही, त्यामुळे कोरडा राहिलेला मणी बारीकच राहतो. बुडवल्यावर घड हलकेच झटका, थेंब खाली साचू देऊ नका.

एप्रिल छाटणीनंतर जीएच्या पुडीला हातच लावू नका. तेव्हा काडीवरच्या डोळ्यात (कळीत) पुढचा घड तयार होत असतो आणि जीए त्याला बाळीकडे (वेलीच्या आधार धरणाऱ्या तणाव्याकडे) वळवतं. ऑक्टोबर छाटणीनंतर मग बाळ्या मोजत बसा.