देवयानी दीर्घिका कशी शोधावी आणि तिथून प्रसरणशील विश्वापर्यंत कसे पोहोचावे

विश्व प्रसरण पावत आहे, हे वाक्य शाळेपासून आपल्या कानांवर पडत असते. पण आकाशाकडे पाहून ते कोणालाही जाणवत नाही. महाराष्ट्रातून नुसत्या डोळ्यांना सहज दिसू शकणारी परकी दीर्घिका म्हणजे देवयानी, आणि गंमत अशी की तीच नेमकी आपल्यापासून दूर न जाता आपल्याकडे येत आहे. तरीही अभ्यासाची सुरुवात तिच्यापासूनच करावी, असे माझे मत आहे. आपल्या आकाशगंगेबाहेर काही आहे, हे माणसाला निर्विवादपणे कळले ते तिच्यामुळेच.

तयारी

नोव्हेंबरमधील अमावास्येच्या मागचे-पुढचे चार-पाच दिवस निवडावेत. पाऊस संपलेला असतो, हवेतील धूळ बसलेली असते आणि महिन्याच्या मध्यात रात्री पावणेदहाच्या सुमारास देवयानी जवळजवळ डोक्यावर येते. शहराच्या गच्चीवरून ती नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी गावाबाहेर जावे लागते. मुंबईचे हौशी निरीक्षक वर्षानुवर्षे वांगणीला जातात, ते याच कारणासाठी. सोबत चटई, स्वेटर, 7×50 किंवा 10×50 मापाची द्विनेत्री दुर्बीण आणि तोंडावर लाल जिलेटीनचा कागद बांधलेली विजेरी घ्यावी. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या पडद्यावर टाकलेली एक नजर ही सगळी कमाई घालवते. तेव्हा मोबाइल बंद करून पिशवीत ठेवावा.

देवयानीचा माग

पाय उत्तरेकडे आणि डोके दक्षिणेकडे करून चटईवर उताणे पडावे. म्हणजे उजवा हात पूर्वेला येतो. डोक्यावर, किंचित पश्चिमेला, चार ताऱ्यांचा एक मोठा चौकोन दिसेल. हात लांब करून मूठ धरली, तर त्याची एक बाजू साधारण दीड मूठ भरते. हा महाश्वाचा चौकोन. पूर्वा भाद्रपदा आणि उत्तरा भाद्रपदा ही पंचांगातील दोन नक्षत्रे म्हणजे याच्याच दोन समोरासमोरच्या बाजू आहेत. चौकोनाचा उजवीकडचा, पायांच्या बाजूचा कोपरा इतरांहून थोडा अधिक तेजस्वी असतो, आणि देवयानी तारकासमूह तिथूनच सुरू होतो.

त्या कोपऱ्यापासून उजवीकडे आणि किंचित पायांकडे सरकत गेल्यास एक मध्यम तारा ओलांडून सुमारे दीड मुठीच्या अंतरावर तांबूस छटेचा ठळक तारा लागतो. त्याचे नाव मिराक. इथे वळण घ्यावे: मिराकपासून डावीकडे आणि पायांच्या दिशेने, म्हणजे वायव्येला, चार अंशांवर एक मंद तारा आहे आणि त्याच्यापुढे तीन अंशांवर त्याहून मंद असा दुसरा. लांब धरलेल्या हाताची मधली तीन बोटे जुळवल्यावर साधारण पाच अंश होतात, त्या मापाने चालावे. दुसऱ्या मंद ताऱ्याच्या अगदी शेजारी, सव्वा-दीड अंशावर, जो लांबट धुरकट डाग दिसतो, तोच शोधायचा आहे. वाट चुकल्यास आणखी उत्तरेला एम अक्षरासारखी दिसणारी शर्मिष्ठा पाहावी. तिच्या दोन टोकांपैकी अधिक अणकुचीदार टोक देवयानी दीर्घिकेच्या दिशेनेच रोखलेले असते. वृषपर्वा आणि ययाती हे तारकासमूहही याच भागात आहेत, त्यामुळे महाभारतातील ही कथा ठाऊक असलेल्याला नकाशा पाठ करावा लागत नाही.

पहिल्या प्रयत्नात मी हा डाग तीन वेळा ओलांडून पुढे गेलो होतो, कारण छायाचित्रांतली निळसर, सर्पिल, झगमगती दीर्घिका मी शोधत होतो. डोळ्याला तसे काही दिसत नाही. काचेवर बोट फिरवून राहिलेल्या ओशट ठशासारखे काहीतरी दिसते. थेट त्याच्यावर नजर रोखली, तर तेही विरते. जरा बाजूला पाहिले, की पुन्हा उमटते, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूवर नसून सभोवती असतात. दीर्घिकेचा पूर्ण विस्तार आकाशात पूर्ण चंद्राच्या सहापट लांब आहे; आपल्याला दिसतो तो तिचा फक्त गाभा.

आता डोळ्यात शिरलेला प्रकाश सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी तिथून निघाला. आफ्रिकेत आपले पूर्वज दगड फोडून हत्यारे बनवत होते, तो हा काळ. हे अंतर मोजण्याची किल्ली 1912 साली खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिट यांनी दिली: सेफिड प्रकारचे तारे ठरावीक कालावधीने तेजस्वी व मंद होतात आणि कालावधी जितका मोठा, तितके ताऱ्याचे खरे तेज अधिक. खरे तेज कळले आणि दिसणारे तेज मोजले, की अंतर निघते. ऑक्टोबर 1923 मध्ये अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेच्या 100 इंची दुर्बिणीने घेतलेल्या देवयानीच्या छायाचित्राच्या काचपट्टीवर खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी एका ताऱ्यापाशी आधी नवतारा, म्हणजे अचानक उजळलेला तारा, म्हणून खूण केली होती. तो सेफिड असल्याचे लक्षात येताच त्यांनी ती खोडली आणि शेजारी उद्गारचिन्हासह रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा, अशा अर्थाचे इंग्रजी लघुरूप लिहिले. तो डाग आकाशगंगेतील मेघ आहे की स्वतंत्र दीर्घिका, हा वाद त्याच्यापुढे फार टिकला नाही.

इलॅस्टिक आणि बटणे

आता दिवसा, घरी करायचा भाग. शिंप्याकडे मिळणाऱ्या इलॅस्टिकची वीस सेंटीमीटरची पट्टी घ्यावी आणि तिच्यावर दर दोन सेंटीमीटरवर शर्टाचे एकेक बटण एकाच टाक्याने शिवावे. शाईचे ठिपके काढू नयेत, कारण ठिपके पट्टीबरोबर ताणले जातात. बटणे तशीच राहतात. प्रसरणात दीर्घिकांमधील अंतरे वाढतात. दीर्घिका, सूर्यमाला किंवा आपण स्वतः फुगत नाही.

कोणतेही एक बटण आपली आकाशगंगा माना आणि पट्टी दुप्पट ताणा. शेजारचे बटण दोनवरून चार सेंटीमीटरवर गेले, म्हणजे दोन सेंटीमीटर सरकले. पाचवे बटण दहावरून वीसवर गेले, म्हणजे तेवढ्याच वेळात दहा सेंटीमीटर. जितके दूर, तितके वेगाने दूर. बेल्जियमचे शास्त्रज्ञ ज्योर्ज लमेत्र यांनी 1927 मध्ये आणि हबल यांनी 1929 मध्ये मांडलेले नाते हेच. मग दुसरे बटण घर माना आणि पुन्हा मोजा. उत्तर बदलत नाही. सगळ्या दीर्घिका आपल्यापासून दूर जातात, म्हणून आपण केंद्रस्थानी आहोत, हा गैरसमज इथे मोडतो. (पट्टीला टोके आहेत, विश्वाला तशी आढळलेली नाहीत, उपमा तेवढ्यापुरतीच धरावी.)

देवयानीचे कोडेही इथेच सुटते. दोन शेजारची बटणे घट्ट दोऱ्याने एकमेकांना बांधा आणि पट्टी ताणा: त्यांच्यातील अंतर वाढत नाही. तो दोरा म्हणजे गुरुत्वाकर्षण. आकाशगंगा आणि देवयानी त्याने बांधलेल्या आहेत. जवळ येणाऱ्या वस्तूच्या वर्णपटातील रेषा निळ्या टोकाकडे सरकतात आणि दूर जाणाऱ्या वस्तूच्या लाल टोकाकडे. देवयानीच्या रेषा निळ्या टोकाकडे सरकलेल्या आहेत, हे खगोलशास्त्रज्ञ व्हेस्टो स्लायफर यांनी 1912 मध्येच पाहिले होते. ती सेकंदाला सुमारे 300 किलोमीटर वेगाने सूर्याच्या दिशेने येत आहे.

एक भागाकार

प्रसरण पाहायचे, तर दोऱ्याच्या बाहेरचे बटण हवे. हायड्रोजनची एक लाल रेषा प्रयोगशाळेत 656.3 नॅनोमीटर तरंगलांबीवर असते. कोमा दीर्घिकासमूहात ती सुमारे 671.5 वर सापडते. फरक 15.2. त्याला 656.3 ने भागून प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला 3 लाख किलोमीटरने, गुणले की वेग सुमारे 6,950 किलोमीटर प्रतिसेकंद येतो. दर मेगापार्सेकला, म्हणजे 32.6 लाख प्रकाशवर्षांना, वेग साधारण 70 किलोमीटर प्रतिसेकंदाने वाढतो. तेव्हा 6,950 ला 70 ने भागा: सुमारे 99 मेगापार्सेक, म्हणजे 32 कोटी प्रकाशवर्षे.

हाच दर उलटा धरला, तर सगळी बटणे एकत्र असण्याचा काळ सुमारे 1,400 कोटी वर्षांपूर्वीचा निघतो. बारकाईने केलेल्या गणिताचे आजचे उत्तर 1,380 कोटी आहे. हबल यांचा स्वतःचा दर 500 च्या आसपास होता आणि त्यावरून विश्वाचे वय 200 कोटींच्या आत येई. पृथ्वीचे खडक त्याहून जुने होते! अंतरांच्या मोजणीतील ही मोठी चूक खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांनी 1952 मध्ये दाखवली. शिवाय प्रसरण म्हणजे आरंभ असलाच पाहिजे, असे नाही: पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारणारे डॉ. जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉइल यांच्यासह ज्या स्थिर-स्थिती विश्वाचा पुरस्कार केला, तेही प्रसरण पावतच होते, फक्त त्याला आरंभ नव्हता. बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या, म्हणजे विश्वाला आरंभ होता या मताच्या, बाजूला गेले ते प्रामुख्याने 1965 मध्ये सापडलेल्या, आज 2.7 केल्व्हिन तापमानाच्या, सर्वत्र पसरलेल्या प्रारणामुळे.

निरीक्षणवहीत देवयानीची तारीख, वेळ आणि आकाशाची स्थिती लिहून ठेवावी. मग एप्रिलमधील अमावास्येला चार-सहा इंची दुर्बीण असलेल्या एखाद्या मंडळाबरोबर जाऊन कन्या तारकासमूहातील एम 87 ही दीर्घिका पाहून यावी. तिचा प्रकाश साडेपाच कोटी वर्षांच्या आसपास प्रवास करून येतो आणि ती सेकंदाला सुमारे 1,300 किलोमीटर वेगाने आपल्यापासून दूर जात आहे. दिसायला तीही पुसट डागच आहे.