नवरा-बायको मिळून गाडी घेताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

शोरूममध्ये शिरल्यावर दहा मिनिटांत कळतं की तिथल्या सेल्सच्या पोराला गिऱ्हाईक कोण वाटतंय. आमच्या वेळी त्याने इंजिन, टॉर्क, मायलेज, सर्व्हिस इंटरव्हल सगळं नवऱ्याला सांगितलं आणि मग माझ्याकडे वळून रंगांचं कार्ड पुढे केलं, "मॅडम, कलर तुम्ही सांगा." आता आमच्याकडे गाडी रोज चालवते मी, पुण्यात वारजे ते हिंजवडी आणि परत, नवरा कंपनीच्या बसने जातो आणि रविवारी गाडीला हात लावतो तो धुवायला. पण मीही मुकाट्याने कलरच सांगितला ना! त्यामुळे सगळा दोष त्या पोराला देता येत नाही.

पहिली गाडी घेताना असंच झालं. गेल्या वर्षी दुसरी घेतली तेव्हा जरा शहाणपण आलं होतं, तरी काही नवीन चुका केल्याच. ते सगळं इथे लिहून टाकते.

घरी न बोलता थेट शोरूम गाठणं

"मोठी गाडी घेऊ" यावर आमचं दोघांचं पहिल्या दिवसापासून एकमत होतं, आणि तीन शोरूम फिरून झाल्यावर कळलं की मोठी म्हणजे त्याच्या डोक्यात मोठी डिकी आणि माझ्या डोक्यात मागची ऐसपैस सीट. त्याला गणपतीला चिपळूणला जाताना बॅगा, मे महिन्यात येताना आंब्याच्या पेट्या, असं सगळं दिसत होतं. मला दिसत होत्या सासूबाई, गुडघे दुखतात त्यांचे, आणि शेजारी मुलाची चाइल्ड सीट. तीन शनिवार गेले यात.

शेवटी जेवणाच्या टेबलावर दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहिलं, गाडी आठवड्यात कोण किती चालवणार, कुठे जाणार, कोण बसणार, कुठे लावणार. एकमेकांचं न बघता लिहायचं, नाहीतर एकजण लिहितो आणि दुसरा "हो तेच" म्हणतो. माझ्या कागदावर आठवड्याचे पाच दिवस होते आणि त्याच्या कागदावर वर्षातल्या तीन ट्रिपा. गाडी रोजच्या पाच दिवसांसाठी घ्यायची, चिपळूणला लागलंच तर कॅरिअर लावता येतो.

सीएनजीचं पण याच कागदावर ठरवा. रोजचं रनिंग जास्त असेल तर पैसे वाचतात पण एक मोठी टाकी असलेल्या गाडीत डिकी जवळजवळ जाते, हल्ली काही गाड्यांत एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या खाली बसवून येतात, त्यात बॅगा बऱ्यापैकी मावतात. बघायला जाताना घरातली खरी बॅग घेऊन जा आणि ठेवून बघा. शोरूमवाले हसतात, हसू देत.

पार्किंग न मोजणं

ही चूक आमच्या मजल्यावरच्या एकांनी केली आणि आम्ही थोडक्यात वाचलो. चार मीटरच्या आतल्या गाड्या सगळ्या सारख्याच असं आपण धरून चालतो, कारण लांबी जवळपास सारखी असते. पण रुंदी बघा. बलेनो १७४५ मिलिमीटर, ब्रेझा १७९०, नेक्सॉन १८०४, आणि हे सगळं आरसे सोडून. सहा सेंटिमीटरने काय होतंय असं वाटत असेल तर तुमच्या पार्किंगचा एक खांब आठवा ज्याच्या बाजूने दार उघडून लेकराला बाहेर काढायचंय.

आम्ही मेजरिंग टेप घेऊन रात्री खाली गेलो, वॉचमन काका बॅटरी धरून उभे. आमची जागा स्टॅक पार्किंगची, वर-खाली होणारी, त्यावर उंचीची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली एक पाटी आहे जी आम्ही सहा वर्षांत कधी वाचली नव्हती. नवऱ्याला आवडलेली एसयूव्ही त्या पाटीनेच बाद केली, मला काही बोलावं लागलं नाही.

टेस्ट ड्राइव्ह एकानेच घेणं

नवरा चालवतो, बायको शेजारी बसून एसीची हवा घेते, पोरगं मागे सनरूफकडे बघतं. याला टेस्ट ड्राइव्ह म्हणू नका. दोघांनी चालवायची, आणि रोज जो चालवणार त्याने जास्त वेळ चालवायची. शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात म्हणून टेस्ट ड्राइव्ह घरी मागवा, देतात. मी गाडी आमच्या बेसमेंटच्या रॅम्पवर नेली, अर्ध्यात थांबवली, परत काढली. एएमटी गाडी होती, म्हणजे गिअरबॉक्स साधाच मॅन्युअल, फक्त क्लच आणि गिअर मशीन टाकतं, स्वस्त पडतं, मायलेज चांगलं, पण गिअर बदलताना मान पुढे जाते आणि चढावर थांबून निघताना गाडी किंचित मागे येते, हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी क्षणभर धरून ठेवायची सोय, नसेल तर जास्तच. सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर हे ऑटोमॅटिकचे दुसरे प्रकार त्यापेक्षा मऊ चालतात पण महाग. नवऱ्याला एएमटीचे झटके जाणवलेच नाहीत कारण तो मोकळ्या हायवेला चालवून आला होता. मी चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमधून आणली तेव्हा मागे बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, रिक्षा बरी यापेक्षा." विषय संपला.

आणि उंची. मी पाच फूट एक. ड्रायव्हर सीट वर करायची सोय खालच्या व्हेरिएंटमध्ये, म्हणजे त्याच गाडीच्या स्वस्त प्रकारात, बऱ्याचदा नसते, ब्रोशरमध्ये एका बारीक ओळीत असतं ते. मग माझ्यासारखी बाई सीट पुढे ओढून स्टेअरिंगला चिकटून बसते, जे एअरबॅग असलेल्या गाडीत बरोबर नाही, छाती आणि स्टेअरिंगमध्ये साधारण २५ सेंटिमीटर तरी अंतर हवं. सहा एअरबॅग आहेत म्हणून खूष व्हायचं आणि त्यांच्यावरच नाक टेकवून बसायचं, याला अर्थ नाही. सेफ्टीचं विचारताना स्टार पण विचारा, गाडी आपटवून सुरक्षेचे स्टार देणारी भारत एनकॅप ही टेस्ट ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे, मात्र ती ऐच्छिक आहे त्यामुळे प्रत्येक गाडीला स्टार असतीलच असं नाही. चाइल्ड सीट लावायची असेल तर आयसोफिक्सचे, म्हणजे ती सीट अडकवायचे, हूक हाताने चाचपून बघा, काही गाड्यांत ते गादीत इतके खोल असतात की बोटं सोलतात.

"फक्त पन्नास हजार जास्त"

या वाक्यापासून सांभाळा. एका व्हेरिएंटवरून दुसऱ्यावर पन्नास, तिथून तिसऱ्यावर साठ, आणि दोघांपैकी एकाला तरी मोह होतोच, आमच्याकडे तो मोह सनरूफचा होता आणि तो मुलाला झाला होता म्हणजे दोघांनाही झाला. बजेट ठरवताना ऑन-रोड, म्हणजे टॅक्स-इन्शुरन्स धरून हातात पडणारी किंमत ठरवा, नुसती गाडीची एक्स-शोरूम नाही. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स लागतो, म्हणजे साडेनऊ लाखांच्या गाडीला एक लाखाच्या वर तिथेच गेले, त्यावर इन्शुरन्स, फास्टॅग वगैरे.

जीएसटीचंही नीट समजून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशीच, दर बदलले आणि पितृपक्षात ओस पडलेले शोरूम एकदम जत्रेसारखे झाले. चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोल १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के, त्याच्या वर ४० टक्के. दोन्ही अटी लागतात. म्हणून चार मीटरच्या आत असूनही दीड लिटर पेट्रोल इंजिनची ब्रेझा ४० मध्ये बसते आणि नेक्सॉन १८ मध्ये. "छोटी गाडी आहे म्हणजे टॅक्स कमी" असं घरी भांडताना बोलू नका, मी बोलले होते.

ईएमआयचा सापळा वेगळाच. आठ लाख कर्ज, ९ टक्के व्याज धरा. पाच वर्षांना हप्ता सुमारे १६,६०० येतो, सात वर्षांना १२,९०० च्या आसपास. महिन्याला पावणेचार हजार कमी म्हणून बरं वाटतं, पण एकूण व्याज साधारण १ लाख ९६ हजारांवरून २ लाख ८१ हजारांवर जातं. पंच्याऐंशी हजार! तेवढ्यात वरचा व्हेरिएंट आला असता. हप्ता कोणाच्या पगारातून आणि पेट्रोल कोणाच्या, हेही आधीच बोला. आमच्याकडे हप्ता त्याचा, पेट्रोल-सर्व्हिसिंग माझं, आणि ते कागदावर लिहिलेलं फ्रिजवर होतं सहा महिने.

गाडी कोणाच्या नावावर, हे घाईत ठरवणं

दुसऱ्या गाडीच्या वेळी आमची मोठी चूक ही. कर्ज दोघांच्या नावाने काढलं तरी आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, नाव एकाचंच लागतं. बँकेत कळलं की बाईच्या नावावर घेतलं तर व्याजात थोडी सूट, ०.१० टक्का. नवरा म्हणाला अगं मग तुझ्या नावावर घेऊ की, मलाही छान वाटलं. सात लाखांच्या कर्जावर पाच वर्षांत साधारण दोन हजार वाचणार.

आणि गेले नऊ हजार. कारण जुनी वॅगनआर त्याच्या नावावर, सलग सहा वर्षं एकही क्लेम नाही, म्हणजे ५० टक्के नो क्लेम बोनस, प्रीमियमवरची सूट. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, त्यामुळे त्याच्या नावावरच्या नवीन गाडीला लागला असता, माझ्या नावावरच्या गाडीला नाही. आमचा ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, प्रीमियम अठरा हजारांच्या आसपास होता, त्याचा अर्धा हातचा घालवला. हे आम्हाला कळलं कधी, तर पैसे भरून झाल्यावर.

दुसरं म्हणजे मालकाचा अपघात विमा, १५ लाखांचा, तो मालकाकडे चालू लायसन्स असेल तरच मिळतो. माझ्या नणंदेच्या नावावर गाडी घेतली कौतुकाने, तिने लायसन्स कधी काढलंच नाही, त्यामुळे ते कव्हर नाहीच. आणि गाडी दहा लाखांच्या वर असेल तर १ टक्का टीसीएस घेतात, म्हणजे विक्रेता आगाऊ आयकर वसूल करतो, तो ज्याच्या नावाचं बिल त्याच्या पॅनवर जमा होतो. बायको रिटर्न भरत नसेल तर ते दहा-बारा हजार तिने रिटर्न भरेपर्यंत तिथेच पडून.

इन्शुरन्स आणि बिलातल्या फालतू ओळी

शोरूमचाच इन्शुरन्स घ्यायची सक्ती नाही. थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर लागणारा विमा, नवीन कारला तीन वर्षांचा एकदम घ्यावाच लागतो आणि तो सगळीकडे सारखाच, जून २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीला १०,६४० अधिक टॅक्स. फरक पडतो तो ओन डॅमेज आणि वरून घ्यायच्या जादा कव्हरमध्ये, अ‍ॅड-ऑनमध्ये. बाहेरून एक कोटेशन काढून मोबाईलवर दाखवलं की शोरूमचा आकडा खाली येतो, आमचा अकरा हजारांनी आला. दाखवताना आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, सारखी आहे ना ते बघा, नाहीतर प्रीमियम कमी दिसतो आणि कव्हरही कमी असतं. हँडलिंग चार्जेस, लॉजिस्टिक्स अशी ओळ दिसली तर कशाचे ते लेखी मागा. एकाने मागायचं, दुसऱ्याने शांत बसायचं, दोघं एकदम बोललात की ते चहा मागवतात आणि विषय बदलतो.

मुहूर्तावर डिलिव्हरी

पाडवा, दसरा, अक्षय्य तृतीया, या दिवशी शोरूममध्ये एकावेळी पंधरा गाड्यांना हार घातलेले असतात आणि तुमच्या गाडीकडे नीट बघायला ना त्यांना वेळ ना तुम्हाला. पूजा त्या दिवशी करा, गाडी दोन दिवस आधी जाऊन बघा, दिवसा उजेडात. उरलेले पैसे भरण्याआधी चासी नंबर आणि उत्पादनाचा महिना-वर्ष मागा, गाडी आठ महिने यार्डात उभी असेल तर त्यांनी सूट द्यायला पाहिजे. टायरवर पण चार आकडी आठवडा-वर्ष असतं. रंगाच्या कडा, काचा, स्टेपनी, जॅक. मी बघत होते, नवरा मोबाईलवर व्हिडिओ काढत होता, आणि मागच्या बंपरवर बोटभर ओरखडा त्या व्हिडिओतच सापडला.

चूक झालीच असेल तर

बुकिंग केलंय आणि घरी वाद झालाय, तर रद्द केल्यावर किती पैसे परत मिळतात ते बुकिंग फॉर्मवर लिहिलेलं असतं, आधी ते वाचा मग भांडा. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची असेल तर फॉर्म २९ आणि ३० लागतात, कर्ज चालू असेल तर बँकेची एनओसी म्हणजे ना-हरकत पत्र, शिवाय इन्शुरन्सवरचं नाव. इतका व्याप फक्त बोनससाठी करू नका. जुनी गाडी विकली असेल तर विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घेऊन ठेवा, ते तीन वर्षं चालतं, तेवढ्यात ज्याच्या नावावर बोनस आहे त्याच्या नावावर गाडी आली तर वापरता येतं. आमचं पत्र कपाटात आहे, आता त्याच्या नावावर तिसरी गाडी कुठून आणायची!

सीटला उंची बदलायची सोय नसेल तर जाड उशी ठेवू नका, ब्रेक मारताना ती सरकते. आणि आमच्याकडचा शेवटचा प्रॉब्लेम, नवरा रविवारी गाडी धुवून सोसायटीत एक चक्कर मारून येतो आणि सोमवारी सकाळी सीट पार मागे, आरसे आभाळाकडे, मला ऑफिसला उशीर. त्यावर मी सीटच्या रेलवर लाल नेलपॉलिशची खूण केली आहे. आरशांचं अजून काही जमलेलं नाही.