रांगणाऱ्या बाळाला शिशापासून कसं जपावं

बाळ रांगायला लागलं की जमिनीवरची धूळ हातातून तोंडात जाते. त्या धुळीत शिसं असेल, तर मोठ्यांपेक्षा लहान मुलाचं शरीर चार-पाच पट जास्त शिसं शोषतं आणि वाढत्या मेंदूचं नुकसान होतं. शिसेयुक्त पेट्रोल भारतात २००० साली बंद झालं. घरातलं शिसं मात्र आपल्यालाच शोधावं लागतं.

१. आधी रंग बघा. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या ऑइलपेंटचे पोपडे खिडकीवर किंवा आजोळहून आलेल्या पाळण्यावर निघत असतील, तर कोरडा पॉलिशपेपर मारू नका. पाणी मारून ओलं खरवडून घ्या. काम संपेपर्यंत गरोदर बाई आणि मुलं दुसऱ्या घरी राहू देत.

२. फरशी रोज ओल्या फडक्याने पुसा. नुसत्या झाडूने धूळ उडते.

३. स्वयंपाकघरात कल्हईकडे लक्ष द्या. कल्हई शुद्ध कथलाची हवी. स्वस्तात उरकणारे त्यात शिसं मिसळतात. खात्री नसेल तर अशा पातेल्यात आमटी, सार, चिंचेचं काही शिजवू नका, कारण आंबट पदार्थांत शिसं लवकर उतरतं. बाळाची पेज सरळ स्टीलमध्ये करा. हळकुंडांना झळझळीत पिवळा रंग यावा म्हणून लेड क्रोमेट हा शिसं असलेला रंग चोळल्याचे प्रकार भारतात आणि बांगलादेशात सापडले आहेत. माझं ऐकाल तर फार चमकणारी सुटी हळद नकोच.

४. बाळाच्या डोळ्यांत सुरमा घालू नका. काही सुरमे चक्क शिशाच्या खनिजाचेच असतात.

५. घरात कुणी बॅटरी, भंगार, रंगकाम किंवा डाग देण्याचं (सोल्डरिंगचं) काम करत असेल, तर आंघोळ करून, कपडे बदलूनच बाळाला घ्यावं. ते कपडे वेगळे धुवा.

६. लोह आणि कॅल्शियम कमी पडलं की शिसं जास्त शोषलं जातं. म्हणून नाचणी, तीळ, हळीव, पालेभाज्या घरात असू द्या. गरोदरपणी तर नक्कीच, कारण आईच्या हाडांत साठलेलं जुनं शिसं त्या काळात रक्तात उतरतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं.

७. शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना शिरेतून रक्त घेऊन शिशाची तपासणी करायला सांगा. शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. मात्र डेसिलीटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आलं, तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. औषध लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील.